आप्पांचा अंगठा आणि माझे बूट

माझे आई-वडील प्लेगात गेले तेव्हा वडगावातल्या आमच्या घरात एक माग होता, एक चूल होती आणि ती दोन्ही चालती ठेवायला एकच चुलता होता. आप्पा. मागाच्या खड्ड्यात पाय सोडून त्यांनी पायाखालच्या फळ्या दाबल्या की साडी पुढं सरकायची. साडी सरकली की घरात पीठ यायचं. पावसाळ्यात खड्ड्यात पाणी भरायचं, माग बंद पडायचा, मग आम्ही आंबील पिऊन पाणी उपसायचो. असल्या घरातून मी बी. ए. झालो. आमच्या गल्लीतल्या विणकरांत पहिला. हे मी कुणी न विचारता सांगतो, तुम्हालाही सांगितलं.

पण इथं बोलायचं आहे ते आप्पांच्या डाव्या अंगठ्याबद्दल.

आप्पा वर्षातले अकरा महिने अनवाणी असायचे आणि मे महिन्यात साहेब व्हायचे. म्हणजे धोतर गुडघ्यापर्यंत, अंगात मळकी बंडी, डोक्याला मुंडासं आणि पायांत काळे, चकचकीत, नाडीचे बूट! सकाळ-संध्याकाळ मारुतीच्या देवळापर्यंत टाकटाक करत जायचे आणि यायचे. चाल अशी, की तापलेल्या तव्यावरून निघालेत. शेजारचा मल्लाप्पा कट्ट्यावरून विचारायचा, "काय सायेब, आज कचेरीला न्हाय?"

"रजा हाय," म्हणून आप्पा लंगडत पुढं.

मी तेव्हा कॉलेजच्या सुट्टीला आलेला असायचो. शरमेनं मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. जून लागला की त्यांची साहेबी संपायची आणि तेच बूट पुसून माझ्या ट्रंकेत पडायचे. कोल्हापुरात वर्षभर पायपीट केल्यावर बुटांना तळ उरायचा नाही, त्यामुळं दर साली नवा जोड लागायचा. पहिल्या वर्षी तेवढा मला कोरा मिळाला. पुढं सगळे आप्पांचे उतरलेले.

"झाली हौस?" एकदा मी तोंडावर विचारलं.

"झाली रं," ते म्हणाले. लाज नावाला नाही!

बूट माझ्याबरोबर जायचे, अंगठा त्यांच्यापाशी राहायचा. नख कडेनं मांसात रुतलेलं, कड लालभडक, आत पू. आणि मग आप्पांचे उपचार. विणकराच्या हाताच्या नखाला कोपरा चालत नाही. रेशमात अडकून तार तुटते. ही आमच्या धंद्याची रीत. आप्पांनी ती रीत पायालाही लावली होती. सूत कापायचा चाकू घ्यायचे आणि नखाचा कोपरा मांसात खोल शिरून कोरून काढायचे. वर तत्त्वज्ञान: "कोपरा राखतोय त्यो विणकर न्हवं, मांजर हाय!"

"पण आप्पा, पायानं रेशीम कोण धरतं?"

"रीत म्हंजे रीत. पाय काय दुसऱ्याचा हाय?"

मी तर्कशास्त्र शिकत होतो. एवढ्या अडाणी युक्तिवादाला पुस्तकात उत्तर सापडलं नाही. कोरल्यावर दोन दिवस आराम पडायचा, मग नख वाढताना पुन्हा मांसात. पुन्हा चाकू. शिवाय निपाणीच्या तंबाखूचं पान गरम करून बांधणं, वर चुना, वर गूळ. अंगठा कसला, विडाच तो. सुपारी तेवढी राहिली होती.

मी बी. ए. झालो आणि निपाणीच्या शाळेत मास्तर म्हणून जूनपासून रुजू व्हायचं ठरलं. त्या मे महिन्यात आप्पांची साहेबी फारच वाढली. दुपारीसुद्धा फेऱ्या. महिनाअखेर पाय घोट्यापर्यंत सुजला, फळी दाबवेना, माग थांबला. "जून लागूस्तवर बरा हुतोय," म्हणत ते खड्ड्याच्या काठावर बसून राहिले. आक्का, म्हणजे माझी चुलती, पिठाच्या डब्याकडं बघत बसली. पाय गेला तर माग गेला, हे सांगायला पदवी लागत नाही.

लष्कराच्या कॅम्पाजवळ पलटणीतून पेन्शनीत आलेले एक कानडी डॉक्टर होते. सोल्जरांचे अंगठे बघण्यात त्यांची हयात गेलेली. आप्पांना बैलगाडीत घातलं, आक्का बरोबर आली, आणि मी पुरावा म्हणून बूट काखेत घेतले. डॉक्टरांनी विचारायच्या आधीच ते टेबलावर ठेवले.

"ही ह्यांची हौस. मिरवायला पाहिजे दर साल!"

डॉक्टरांनी बूट आप्पांच्या तळपायाला लावून बघितला. "एन री, काय हो, हे बूट ह्यांचे नव्हेत. बोटभर आखूड आहेत. तुम्ही घाला बघू."

मी घातले. नेमके बसले. तीन वर्षं बसतच होते. तर्कशास्त्रात पहिला वर्ग मिळवलेल्या मला चुलत्याचे उतरलेले बूट आपल्या पायाला कसे येतात, हा प्रश्न एकदाही पडला नव्हता.

आप्पा आढ्याकडं बघत होते. आक्काला राहवलं नाही.

"पैल्या दिवाळीला टाचा सोलून आलतास. ताटावर बसून बोल्लास, नवं बूट चावत्यात, वर्गात ध्यान लागत न्हाय. तवापास्नं तुझ्या मापाचं आणत्यात आन सोता घालून मऊ करत्यात."

"गप गं," आप्पा म्हणाले. "कातडं हाय, नरम व्हायला म्हैना लागतोय."

"मग मला सांगायचं नाही?"

"सांगिटलं आसतं तर घेतलं आसतंस व्हय?"

डॉक्टरांनी मिठाच्या गरम पाण्यात पाय बुडवायला लावला, पू काढला आणि रुतलेली कड हलकेच उचलून खाली कापसाची बारीक वात सरकवली. वात रोज बदलायची, नख सरळ कापायचं, कोपऱ्याला हात लावायचा नाही, आखूड बूट घालायचा नाही. वात सरकवायला आप्पांना दुसऱ्या दिवसापासून कुणी लागलं नाही. आयुष्यभर तुटलेल्या तारा जोडणारी बोटं ती! कोपऱ्याचं मात्र जड गेलं. "मांजर केलं मला त्या डाक्टरनं," म्हणत चाकू बाजूला ठेवायचे.

मी तेच बूट घालून निपाणीला रुजू झालो. पुढचे सगळे जोड कोरे घेतले आणि मुकाट्यानं चावून घेतले.

आप्पांचं नख सरळ वाढलं. ते पुन्हा रुतलं नाही, आणि अंगठ्यापायी आमचा माग पुन्हा एक दिवसही थांबला नाही.