एकतीस घटकांचं आयवार

अन्नातले घटक जोवर वाचले जात नाहीत, तोवर ते बाधत नाहीत. हे तत्त्व अद्याप कोणत्याही देशाच्या कायद्यात आलेलं नाही. परंतु दक्षिण सर्बियातल्या डोन्या क्रुश्का गावात ते पुराव्यानिशी सिद्ध झालेलं आहे. त्यासाठीचा सगळा मनस्ताप एकट्या स्तोयांकाबाईंनी सोसला, याबद्दल गाव त्यांचं ऋणी आहे. (गावाने तसं कळवलेलं नाही.)

स्तोयांकाबाई शाळेच्या रसायन प्रयोगशाळेत सव्वीस वर्षं साहाय्यक होत्या. निवृत्त झाल्यावर त्यांनी सासूबाईंचा आयवारचा उद्योग हाती घेतला. लांबट लाल मिरच्या चुलीवर काळ्या होईस्तोवर भाजायच्या, सोलायच्या, थोडं वांगं घालून तेलात चार तास घोटायच्या आणि बरण्या भरून हिवाळाभर पावाला लावून खायच्या, एवढं ते सोपं आहे. बाजारात अक्रोडाच्या झाडाखालचा पहिला ओटा त्यांचा होता. गिऱ्हाईक आयवार मागत नसे, ‘स्तोयांकाचं’ मागत असे. त्या एका शब्दावर बाईंचा जीव होता. नवऱ्यावरही होता, पण त्याचं नाव घेऊन कोणी पिशवी पुढे करत नसे.

यंदा सप्टेंबरात टीव्हीवर बातमी आली, की दूर कुठल्याशा कारखान्याच्या बरणीत नको ते रसायन सापडलं. डोन्या क्रुश्कात त्या कारखान्याचं आयवार आजवर कोणी चाटूनही पाहिलं नव्हतं, त्यामुळे घबराट विशेष मोठी होती. तातडीने ग्राहक जागृती समिती स्थापन झाली. निवृत्त पोस्टमास्तर द्रागोस्लाव अध्यक्ष झाले. पहिली बैठक त्यांच्याच अंगणात भरली. तिथे मिरच्या भाजणं चालू होतं आणि धूर इतका होता, की सदस्य एकमेकांना दिसत नव्हते. अन्नातल्या घातक द्रव्यांविरुद्धचा ठराव खोकत खोकत एकमताने मंजूर झाला.

ठराव असा: बाजारातल्या प्रत्येक बरणीवर लेबल असलंच पाहिजे. विक्रेत्याने घटक शास्त्रीय नावांनिशी, काहीही न लपवता, नकळत शिरलेल्या पदार्थांसह जाहीर करावेत. महिनाअखेर जी बरणी लोकांना सर्वांत विश्वासाची वाटेल, तिला अक्रोडाखालचा ओटा कायमचा मिळेल.

“ओटा माझाच आहे की,” स्तोयांकाबाई म्हणाल्या.

“म्हणूनच तो देता येतोय वहिनी,” द्रागोस्लाव म्हणाले. “रिकामा असता तर कोणी घेतला असता?”

बाईंनी ठराव मनावर घेतला. ही त्यांची मूळ चूक. बाकीच्यांनी तो फक्त मंजूर केला होता. त्यांनी नमुना जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत पाठवला, अहवाल आणला आणि चष्मा पुसून, सुवाच्य अक्षरात लेबल लिहिलं. घटक एकतीस भरले. सगळे मर्यादेच्या आत होते. लेबल मात्र बरणीच्या मर्यादेबाहेर गेलं, म्हणून त्याची घडी करून दोऱ्याने बांधावी लागली.

“हे काय, बरणीला शेपूट लावलंस?” नवरा ग्रादिमिर म्हणाला.

“खरं लिहिलंय.”

“तेच म्हणतोय. अगं, खरं बोलून कधी मिरची खपलीय का?”

शनिवारी समिती पाहणीला आली. द्रागोस्लावांनी सिगारेट ओठाच्या कोपऱ्यात सरकवली आणि लेबल मोठ्याने वाचायला घेतलं.

“असेटिक अ‍ॅसिड! वहिनी, अ‍ॅसिड?”

“व्हिनेगर आहे ते.”

“सोडियम क्लोराइड?”

“मीठ.”

“मग मीठ म्हणा ना!”

“शास्त्रीय नाव तुम्हीच मागितलंत.”

“बेंझोपायरीन?”

“भाजताना धुरातून येतं. अगदी कणभर.”

“मग धुराशिवाय भाजा.”

“आणि मग तुम्हीच म्हणाल, यंदा वास नाही.”

“ते तर म्हणणारच,” द्रागोस्लाव म्हणाले आणि पुढच्या ओळीवर थबकले. “निकोटीन? जेवणात निकोटीन?”

“वांग्यात असतंच ते, निसर्गतः. नखाएवढंही नाही.”

अध्यक्षांना धक्का असा बसला, की हातपाय स्थिर करायला त्यांना दुसरी सिगारेट पेटवावी लागली.

त्या दिवशी त्रेचाळीस जणांनी लेबल वाचलं. एकेचाळीस जणांनी बरणी हळूच, आवाज न करता खाली ठेवली. एकाने नुसतं लेबल मागून घेतलं, कारण सासू आयवार फार खाते आणि तिला ते वाचून दाखवायचं होतं. उरलेल्या एकाने बरणी विकत घेतली. तो चष्मा घरी विसरला होता.

समोरच्या ओट्यावर विदोसावा बसत असे. ती बाईंची शेजारीण. तिच्या बरण्या म्हणजे गावभरातून गोळा केलेल्या रिकाम्या बरण्या, मूळच्या लेबलांसकट. एकीवर मेयोनीज, दुसरीवर जर्दाळूचा मुरंबा, तिसरीवर हसरं बाळ आणि ‘सहा महिन्यांपुढील’. झाकणावर पेनाने एकच शब्द: ‘घरचं’. समितीने या बरण्या बारकाईने तपासल्या. प्रत्येकीवर लेबल होतं. लेबल आतल्याच पदार्थाचं असावं असं ठरावात कुठेही म्हटलेलं नव्हतं. समितीने समाधान व्यक्त केलं.

विदोसावाही दर वर्षी आयवार करी आणि वर टिकाऊपणाची पांढरी पूड टाकी. ही पूड कारखान्याने टाकली तर तिला रसायन म्हणतात. स्वयंपाकघरात टाकली तर तिला ‘आजीची पुडी’ म्हणतात आणि ती बाधत नाही. यंदा मात्र विदोसावाची कंबर धरली होती. मोजक्या बरण्या दुपारीच संपल्या. संध्याकाळी ती कमरेवर हात ठेवून स्तोयांकाबाईंच्या दारात आली.

“ब्याऐंशी राहिल्यात ना गं तुझ्या? दे मला. माझ्या बरण्यांत ओतते. नाहीतर नासतील.”

“माझं आयवार तुझ्या नावावर?”

“नाव कशाला? माझ्या झाकणावर नाव नसतंच. झाकली मूठ सव्वा लाखाची, बाई. तू मूठ उघडून रेषा दाखवत बसलीस.”

बाईंना रडू येईल असं वाटलं. पण बरण्या समोर होत्या, मिरच्या सोलून हाताची सालं निघाली होती, आणि चांगलं आयवार फेकून देणं त्यांच्या सासूला वरसुद्धा सहन झालं नसतं. त्यांनी दिलं. विदोसावाने ते आपल्या बरण्यांत भरलं आणि सवयीने प्रत्येकीत चिमूटभर पांढरी पूड टाकली.

पुढच्या शनिवारी रांग लागली. “हे खरं आयवार,” लोक बोटं चाटत म्हणाले. “रसायन नसलं की जिभेला लगेच कळतं!” महिनाअखेरीस समितीने विश्वासाची बरणी जाहीर केली. ती मेयोनीजची होती.

तेव्हा स्तोयांकाबाई भर बाजारात उभ्या राहिल्या. “ते माझं आहे!”

विदोसावा बरण्या पुसू लागली.

“पुरावा?” द्रागोस्लावांनी विचारलं.

“तपासून घ्या. तेच एकतीस घटक निघतील.”

“कसे निघतील वहिनी? तिच्या बरणीवर तर त्यातला एकही लिहिलेला नाही.”

तरी समिती न्यायी होती. नमुना त्याच प्रयोगशाळेत गेला. अहवालात बत्तीस घटक आले. एकतीस बाईंचे आणि बत्तिसावा सोडियम बेंझोएट, म्हणजे पांढरी पूड. समितीने त्यावर दोन दिवस खल केला आणि निष्कर्ष काढला, की स्तोयांकाबाईंच्या नमुन्यामुळे प्रयोगशाळाच दूषित झालेली असावी. शिवाय घटक जुळत नाहीत, एक जास्त आहे, तेव्हा हे आयवार त्यांचं नव्हे हे उघड आहे. ओटा विदोसावाला गेला.

आता स्तोयांकाबाई घरीच आयवार घोटतात आणि विदोसावा ते विकते. अक्रोडाखाली लोक ‘विदोसावाचं’ मागतात. पांढऱ्या पुडीवरून दोघींचं दर आठवड्याला भांडण होतं आणि दर आठवड्याला विदोसावा म्हणते, “बरं, नाही टाकत,” आणि टाकते.

मागच्या रविवारी बेलग्रेडहून लेकीचा, नेवेंकाचा फोन आला. बाईंनी सुरुवातीला कौतुकाने लेबलाचा फोटो तिलाच पाठवला होता.

“आई, राग मानू नकोस, पण तुझं आयवार नको पाठवूस. ते सगळं वाचल्यापासून मी लुकाला द्यायलाच घाबरते. विदोसावामावशींचं पाठव. परवा मैत्रिणीकडे खाल्लं, अगदी तुझ्यासारखंच लागतं! लहानपणची आठवण आली बघ. बाळाचं चित्र असलेली बरणी मिळाली तर बरं.”

नातवाला काय द्यायचं हा प्रश्न होता. स्तोयांकाबाई “पाठवते” म्हणाल्या. त्यांनी कपाटामागून हसऱ्या बाळाची एक रिकामी बरणी शोधली, स्वच्छ धुतली, पांढरी पूड न टाकलेलं आयवार तिच्यात काठोकाठ भरलं आणि झाकणावर आपल्या सुवाच्य अक्षरात लिहिलं: ‘घरचं’. सव्वीस वर्षांची नोकरी धरून त्यांनी चुकीचं लेबल लावलं ते हे पहिलंच.

आता काही सूचना, ग्राहकहितासाठी. डोन्या क्रुश्काच्या मंडळींना हसण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे. तो बजावून झाल्यावर आपल्या फडताळातली ती कॉफीची बाटली काढावी, मावशींनी लोणचं भरून दिलेली. तिच्यात काय काय आहे हे आपण मावशींना आजवर विचारलेलं नाही, आणि दुकानातला पुडा मात्र परवाच उलटा करून, डोळे बारीक करून वाचला आणि परत ठेवला. ठरावाला अनुसरून प्रस्तुत कथेचे घटकही जाहीर करत आहोत: मिरची, धूर, थापा, मीठ चवीपुरतं. ही कथा जिथे तयार झाली, तिथे वाचकांवरही प्रक्रिया होते. तिच्यात त्यांचे अंश आढळू शकतात.