खांद्याचं ऑपरेशन

माझं ऑपरेशन छातीचं झालं. कॅन्सर होता, डॉक्टरांनी एक बाजू सगळी काढली. पण आमच्या ह्यांनी गल्लीत सांगितलं, "खांद्याचं." का, तर छाती हा शब्द तोंडातून निघेना. (एरवी ते तोंड मिटायला सांगून थकले मी.)

डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, हात डोक्यावर गेल्याशिवाय रेडिएशन देता येणार नाही. म्हणून मी रोज भिंतीकडे तोंड करून उभी राहायची आणि बोटं मुंगीसारखी वर चढवायची. हात कानापर्यंत यायचा, की तिथेच नणंदेसारखा रुसून बसायचा.

गल्लीला मात्र खांदा मिळाला ना! एकीने तेल आणलं, दुसरीने लेप. तिसरी म्हणाली, "वहिनी, सांगत होते, गाद्या एकटीने उचलू नका." आणि समोरची शेजारीण तर चक्क हाडवैद्यालाच घेऊन आली. पंजे केवढे मेल्याचे, परातीएवढे!

"ताई, सांधा सरकलाय. एक हिसका, की विषय संपला."

"हात लावायचा नाही."

"आधी सगळे असंच म्हणतात."

मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होते. (मागच्या महिन्याचं.)

"अहो, सांगा की ह्यांना!"

"अगं... जरा बेताने ओढतील ते."

बेताने! आतली जखम अजून ओली होती. हाडवैद्य बाह्या सरसावून पुढे आला आणि माझं डोकंच फिरलं. कोपऱ्यातला झाडू घेतला.

"खांद्याला काही झालेलं नाही! छाती कापलीय माझी! छाती! कॅन्सर! चालते व्हा, नाहीतर डोक्यात घालीन!"

शेजारीण फरशी न्याहाळायला लागली. ह्यांचा चेहरा पांढरा पडला. मग तेच हळूच म्हणाले, "अगं... वर बघ."

वर झाडू होता. झाडूला माझा तोच रुसलेला हात. डोक्याच्याही वर, ताठ.

हाडवैद्याने बाह्या खाली केल्या. "बघा. हातही न लावता बसवला."

रेडिएशन सुरू झालं. गल्लीलाही छाती म्हणता यायला लागलं, ह्यांना अजून नाही. पण खांदा हाडवैद्यानेच बरा केला, यावर सगळ्यांचं एकमत. परवा दवाखान्यातून आले तर तो माझ्याच खुर्चीत, समोर दोन लंगडे पेशंट, आणि हे त्यांना चहा देतायत.

"ताई, जरा हात वर करून दाखवा ह्यांना."

मी पायातली चप्पल काढून उगारली.

"बघितलंत?" तो पेशंटना म्हणाला. "पुरता वर!"