ॲश मामाचा घसा

आमच्या ध्वनिप्रदूषणविरोधी समितीची पहिली जाहीर सभा सातपूरला भरली, तेव्हा शेवटच्या रांगेतून एक माणूस उठला आणि म्हणाला, "मागे काहीच ऐकू येत नाहीये. आवाज वाढवा."

लोक हसले. तो हसला नाही. सरळ पुढे आला, प्रमुख पाहुण्यांच्या तोंडासमोरचा माइक काढून घेतला, 'चेक, चेक' करत दोन बटणं फिरवली आणि पाहुण्यांना म्हणाला, "सर, तुमच्या आवाजात ट्रेबल फार आहे, कानाला टोचतो. पोटातून बोला." त्यानंतर माणसाच्या कानाला किती आवाज सोसतो यावरचं भाषण दोन गल्ल्या पलीकडच्या लोकांनाही घरबसल्या ऐकायला मिळालं.

हा माणूस माझा सख्खा मामा. नाव अशोक. स्टेजवर ॲश.

समितीची सचिव मी. परवानगी मी काढली, पत्रकं मी लिहिली, खुर्च्या मी मांडल्या. आणि दुसऱ्या दिवशी कॉलनीत जो भेटेल तो एकच सांगत होता : "तुमच्या मामांनी सेटिंग मात्र छान करून दिलं." चळवळी बाहेरच्या शत्रूंमुळे मरत नाहीत, नातेवाइकांमुळे मरतात, हे माझं मत तेव्हापासूनचं.

मामा रॉक गायक आहे. वय चौपन्न. पुढचे केस गेले, मागचे त्याने जाऊ दिले नाहीत. दिवसा तो एका कारखान्यात पॉवर प्रेस चालवतो, आणि उरलेल्या वेळात समोरच्या माणसाचं सेटिंग करतो. माझी आई त्याच्या लेखी 'नुसता एको'. आमच्या विहारात वंदना घेणारे काका 'क्लीन टोन'. मी आले की म्हणणार, "काय मोर्चा, आज कुणाच्या विरोधात?" आणि मी उत्तर द्यायला लागले की तिसऱ्या वाक्याला, "ट्रेबल कमी कर."

एकदा कॉलेजच्या अंकासाठी मुलं त्याची मुलाखत घ्यायला आली. तुमच्यावर कुणाकुणाचा प्रभाव आहे, असं विचारलं. मामाने तीन नावं सांगितली : बाबा, पॉवर प्रेस आणि कॅसेट.

बाबा म्हणजे माझे आजोबा. त्यांची गायन पार्टी होती. जयंतीला ट्रकवर उभं राहून गायचे, पेटी दोरीने बांधलेली, आणि माइक बंद पडला तरी गाणं शेवटच्या माणसापर्यंत पोचायचं. पॉवर प्रेसचं कारण मामाच्या मते उघड आहे : "तीस वर्षं एकच ताल आणि एकदाही चुकली नाही. असा ड्रमर दाखव."

कॅसेटची गोष्ट मात्र मला सहन होत नाही. शाळेत असताना त्याने ती देवळाली कॅम्पात भंगारवाल्याकडून घेतली होती. बदली झालेल्या कुठल्या तरी लष्करी अधिकाऱ्याच्या सामानातली. कव्हर नाही, गायकाचं नाव नाही. तिसऱ्या गाण्याच्या मध्यावर त्या गायकाचा आवाज जाड व्हायचा, संथ व्हायचा, हत्ती खाली बसावा तसा बसायचा आणि मग हळूहळू उठून उभा राहायचा. मामाने दोन वर्षं घासून घासून तो हत्ती गळ्यात बसवला. तीच त्याची शैली झाली. आजही ती जागा आली की त्याचे जे चार चाहते आहेत ते डोळे मिटतात.

मी वस्तुस्थितीवर विश्वास ठेवणारी मुलगी आहे. मी ते गाणं शब्दांवरून फोनवर शोधून काढलं. त्यात हत्ती नव्हता. मूळ गायक सरळ गाऊन घरी गेला होता. मामाच्या टेपरेकॉर्डरमध्ये फीत अडकायची, एवढंच. मी ते त्याला ऐकवलं. त्याने शेवटपर्यंत शांतपणे ऐकलं, फोन परत दिला आणि म्हणाला, "चुकीचं गायलाय."

त्याच्या बँडचं नाव 'ग्राइंडर'. ड्रमर पुण्याला गेला, गिटारवाल्याचं घोटीत मोबाइलचं दुकान आहे. बँड बंद पडला असं म्हटलेलं मामाला चालत नाही. "ब्रेकवर आहे." ब्रेक नऊ वर्षांचा झाला. तेव्हापासून तो फोनमध्ये वाद्यं लावून एकटाच गातो. कुणाच्या हळदीला, कुणाच्या सेवानिवृत्तीला. लोक आधी टाळ्या वाजवतात, मग घास हातात धरून थांबतात, मग जेवणाचा हॉल बदलतात.

अल्बमही काढला होता. सीडी छापून घरी आल्या तोवर लोकांच्या घरातून सीडी वाजवायची यंत्रंच गेली होती. शेवटी निफाडच्या आमच्या एका पाहुण्यांनी खोकी नेली आणि द्राक्षाच्या बागेत टांगली. उन्हात चमकतात, पाखरं मणी टोचत नाहीत. मला मामाच्या वतीने इतका संताप आला की मी पाहुण्यांना लांबलचक पत्र लिहायला घेतलं. मामा स्वतः बाग बघून आला. तासभर वेलींखाली उभा होता म्हणे. आल्यावर म्हणाला, "अख्ख्या बागेत आपलाच अल्बम लागलाय."

अशा माणसाशी भांडायचं तरी कुठून?

मामीचं आणि त्याचं भांडण झालं नाही, बदली झाली. मामी शिक्षिका. अकरा वर्षांपूर्वी तिला सुरगाण्याकडची शाळा मिळाली. आधी ती दर शनिवारी जीपने यायची, मग सणाला, मग कुणाच्या लग्नात भेटायची. मामीचं काय, असं विचारलं तर मामा म्हणतो, "रेंज नाहीये तिकडे." आईने त्याच्यासमोर हा विषय सोडून दिला आहे. मी सोडला नव्हता, पण माझ्या हातात दुसरे विषय होते.

मागच्या वर्षी त्याचा आवाज फाटायला लागला. डॉक्टरांनी नळी घालून बघितलं. स्वरतंतूवर गाठ. साधी आहे, पण काढा, म्हणाले, नाहीतर आवाज कायमचा जाईल. आणि काढल्यावर दहा दिवस पूर्ण मौन. कुजबुजसुद्धा नाही.

मामाने ऑपरेशनला नकार दिला. कारण ऐका : "गाठ नाहीये ती, डिस्टॉर्शन आहे. तो आवाज यायला लोक मशीन लावतात. माझ्यात निसर्गाने बसवलंय."

चार महिने मी समजावलं. आईने रडून बघितलं. शेवटी मला जे येतं ते मी केलं : पत्रक काढलं. 'एका घशाचा प्रश्न' असा मथळा, खाली तीन मागण्या. पहिली, श्री. अशोक यांनी तात्काळ ऑपरेशन करून घ्यावं. दुसरी, तोवर गाणं स्थगित ठेवावं. तिसरी, निसर्गाला मध्ये आणू नये. कारखान्याच्या गेटवर वाटलं, विहाराच्या फलकावर लावलं, त्याच्या दारावर चिकटवलं. संध्याकाळी तो पत्रक घेऊन घरी आला. पेनाने खुणा केल्या होत्या. "सुरुवात जोरात आहे," म्हणाला. "मध्ये पडतं. दुसऱ्या मागणीनंतर जरा दम घ्यायला जागा दे."

मग मी त्याच्या जिन्यात ठिय्या मांडला. पहिल्या दिवशी तो मला ओलांडून कामावर गेला. दुसऱ्या दिवशी त्याने मला बसायला सतरंजी आणून दिली, म्हणजे आंदोलनातली सगळी हवाच काढली. तिसऱ्या दिवशी सकाळी तो दाराशी बूट घालत गुणगुणत होता. ओळीच्या मध्येच आवाज गेला. बसला नाही, फाटला नाही, नुसता गेला. तोंड उघडं, मान ताठ, शिरा फुगलेल्या आणि बाहेर काही नाही. त्याने पुन्हा करून बघितलं. पुन्हा नाही.

तो माझ्या शेजारी पायरीवर बसला. एक बूट पायात, एक हातात. बऱ्याच वेळाने घोगरं काहीतरी निघालं. "कधी जायचं?"

ऑपरेशन नीट झालं. पुढचा प्रश्न मौनाचा. आई म्हणाली, "अशोक दहा मिनिटं गप्प राहिला तर मला उठवून सांगा." म्हणून पहारा ठरला : रोज संध्याकाळी सहा ते सात, पहारेकरी मी. मामीने सुरगाण्याहून जीपवाल्याच्या हाती शाळेतली एक पाटी आणि पेन्सिलींचा डबा पाठवला. सोबत चिठ्ठी नव्हती. मामाने पाटी दोन्ही बाजूंनी उलटून बघितली आणि लिहिलं, 'बाईंचा निरोप कळला.'

मला वाटलं होतं, पहिल्याच संध्याकाळी हा माणूस मोडणार. मोडला नाही. मी जायचे, तो दार उघडायचा, पाटी आधीच लिहिलेली : 'आज कुणाच्या विरोधात?' मग मी बोलायचे. पदपथावर लागलेल्या गाड्या, निवेदन घेऊन गेलं की नेमके जेवायला गेलेले अधिकारी, आमच्याच समितीत माझ्या पाठीमागे चाललेलं राजकारण. तो कांदा चिरता चिरता ऐकायचा. पोहे करायचा, त्यात दाणे जास्त घालायचा, आणि मी थांबले की हात पुसून लिहायचा : 'मग तू काय म्हणालीस?' आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी मला पूर्ण बोलू दिलं. एकदाही ट्रेबलचं नाव निघालं नाही.

दहा दिवस झाले. बारा झाले. 'डॉक्टर म्हणतात अजून थोडं.' पंधरा. सतरा. पाटीवर तेच.

आता माझं डोकं सटकलं. डॉक्टरांनी काहीतरी बिघडवून ठेवलंय आणि लपवतायत, दुसरं काय? गरीब माणूस, प्रश्न विचारणार नाही, गेला आवाज तर गेला. मला रात्रभर बसायची गरज नव्हती, अर्ध्या तासात निवेदन लिहिलं : 'रुग्णाची दिशाभूल थांबवा.' दोन प्रती काढल्या, एकीवर पोच घ्यायला, आणि दुपारी दवाखान्यात जाऊन काउंटरवरच्या बाईंसमोर ठेवलं.

त्यांनी चष्मा लावून सगळं वाचलं. खालच्या माझ्या नेहमीच्या तीन मागण्यांसकट. मग फाइल काढली.

"तुम्ही कोण त्यांच्या?"

"भाची."

"मोर्चा म्हणजे तुम्हीच का?"

मी मान हलवली.

"अहो, त्यांना मागच्या सोमवारीच सांगितलंय. हळूहळू बोला म्हणून. डॉक्टरांसमोर बोलले की ते. छान स्वच्छ आवाज आलाय. डॉक्टर म्हणाले, दोन महिन्यांनी गायलासुद्धा हरकत नाही."

"मग मला का…"

"जाताना माझ्यापाशी थांबले होते." बाईंनी फाइल मिटली. "म्हणाले, घरून कुणी विचारलं तर अजून आठ दिवस लागतील म्हणून सांगाल का? मी म्हटलं, का हो? तर म्हणाले, भाची येते रोज."

निवेदनाच्या दोन्ही प्रती मी परत घेतल्या. बाईंनी पोचेचा शिक्का हातात धरलेला होता, तो खाली ठेवला.

तिथून सातपूरपर्यंत मी मनात भाषण रचत गेले. खोटं बोललास. न बोलता खोटं बोललास. आम्ही इकडे काळजीने मरतोय. चांगलं झालं होतं भाषण, मध्ये पडतही नव्हतं. सहाला दार वाजवलं. मामाने उघडलं. शर्टाला इस्त्री होती. ओट्यावर पोहे भिजत घातलेले, कांदा चिरलेला, आणि पाटी समोर धरलेली.

त्याने माझ्या हातातले कागद पाहिले. वर दवाखान्याचं नाव मीच मोठ्या अक्षरात लिहिलं होतं. पाटी हळूहळू खाली आली. त्याचं तोंड किंचित उघडलं, म्हणजे आता तो बोलणार होता. सात दिवस जपून ठेवलेला तो नवा आवाज माझी समजूत काढायला खर्च होणार होता.

"थांब," मी म्हटलं. "मी विचारून आले. अजून आठ दिवस तरी बोलायचं नाही म्हणतात."

मी चपला काढल्या, आत गेले, माझ्या नेहमीच्या खुर्चीत बसले आणि आज दवाखान्याच्या रस्त्यावर पदपथ कसा गायब केलाय ते सांगायला लागले. मागे ओट्यापाशी पेन्सिल करकरली.

मी मान वळवली. पाटीवर लिहिलं होतं, 'दाणे घालू ना?'