पहिले भांग पाड

दिगूच्या शर्टाच्या खिशात पेनाऐवजी कंगवा असे आणि शबनम पिशवीत खोबरेल तेलाची बाटली. जळगावच्या कॉलेजातली आमची पथनाट्याची टोळी म्हणजे सगळे कानावर केस वाढवलेले. पण नाटक सुरू व्हायच्या आधी प्रत्येकाचं डोकं त्याच्या ताब्यात जायचं. "पहिले भांग पाड," एवढंच म्हणायचा. ऐकलं नाही तर स्वतः पाडायचा, तोही तेल कपाळावर ओघळेपर्यंत.

नाटक मनाच्या आजारावर होतं. त्या काळी असा माणूस आजारी नसे, येडा असे. त्याला दवाखान्याऐवजी भगताकडे नेत. नाटक दिगूचंच, आणि त्यातल्या आजारी पोराचं काम तो कुणाला करू देत नसे. फाटके कपडे नाहीत, पिंजारलेले केस नाहीत. इस्त्रीचा शर्ट आणि चोपून पाडलेला भांग. मी डॉक्टर. कोट उसना, ढगळ. माझे कुरळे केस तर तेलालाही दाद देत नसत. शिरपूरच्या बाजारात एका आजीने माझ्याकडे बोट दाखवून शेजारणीला विचारलं, "हाऊ डॉक्टरच येडा शे का?" मी खजील झालो. दिगू मात्र दिवसभर खूश होता. येडा कोण ते ओळखू येत नाही म्हणजे नाटक जमलं, असं त्याचं म्हणणं.

भडगावचं, म्हणजे स्वतःच्या गावचं बोलावणं तेवढं तो टाळत राहिला. शेवटी एकदा एसटीत त्याने मला कारण सांगितलं. त्याची थोरली बहीण, आक्का, नाटकातल्या पोरासारखीच आजारी होती. ती सुरतेला मामाकडे असते असं गावाला सांगितलेलं; प्रत्यक्षात होती घरातच, मागच्या खोलीत. बाहेर कळलं तर अब्रू जाईल, असं वडिलांनी बजावलं होतं.

"गावोगाव सांगत फिरतो, लपवू नका म्हणून," तो म्हणाला, "आणि मीच लपवतो."

 पुढच्या आठवड्यात त्याने भडगावला होकार कळवला.

चौकात डफ वाजला, लोक जमले, आणि दिगूचाच पत्ता नाही. मग तो आला, आक्काचा हात धरून. तेल लावून घट्ट घातलेली वेणी, त्यात शेवंतीचं फूल.  समोरच घराच्या ओट्यावर उभे असलेले त्याचे वडील आत निघून गेले.

"हाई मनी आक्का शे," दिगू म्हणाला.  "सुरतले नही व्हती. घरमाच व्हती."

 मग सतरंजीवरच्या एका बाईने सरकून जागा केली.

आक्का बसेना. माझ्या पांढऱ्या कोटाकडे, मग माझ्या डोक्याकडे बघत राहिली. दिगूच्या खिशातला कंगवा तिने सवयीने काढला आणि माझ्यापुढे धरला.

"पहिले भांग पाड," आक्का म्हणाली.