कुलथे सरांचा राजा

कुलथे सर बिस्किटाच्या पुड्यावरचा मजकूरसुद्धा हातात लाल पेन घेऊन वाचायचे. आमच्या जपानमधल्या, ग्योतोकुच्या बिल्डिंगमध्ये सूचनांची एक पाटी घरोघर फिरते. आपण वाचायची, शिक्का मारायचा आणि लगेच शेजारच्या दाराशी नेऊन ठेवायची. सर मुलाकडे राहायला आले आणि ती पाटी आमच्या मजल्यावर तीन दिवस अडकली. शोधत शोधत मी त्यांचं दार वाजवलं, तर गृहस्थ ती मांडीवर घेऊन बसलेले. जपानीचं अक्षर येत नाही, पण सोसायटीच्या अध्यक्षांच्या हसऱ्या फोटोभोवती लाल गोल काढलेला.

"राजा कोण, ते आधी सांगा," हे त्यांचं माझ्याशी बोललेलं पहिलं वाक्य.

"अहो, बागेतलं गवत काढलं एवढंच लिहिलंय त्यात."

"गवत कुणी काढलं?"

"सगळ्यांनी."

"आणि फोटो कुणाचा?"

कप्पाळ! शिक्का मारला आणि पाटी घेऊन निघाले.

सरांनी सांगलीकडच्या कॉलेजात उभा जन्म इतिहास शिकवला. त्यातही खूळ एकच, प्राचीन रोमचं. तिथे म्हणे यादवी झाली, माणसं कापली गेली, आणि शेवटी एकजण सम्राट झाला. हातावरचं रक्त लोकांच्या डोळ्यांसमोर होतं. मग त्याच्या काळात एका थोर कवीने महाकाव्य लिहिलं. सम्राटाचा मूळपुरुष देवीच्या पोटचा, बापाला खांद्यावर घेऊन जळत्या नगरातून निसटलेला, समुद्र तुडवत इटलीला लागलेला. आणि त्याला देव सांगतात, की पुढे हजार वर्षांनी तुझ्या वंशात असा एक राजा होईल!

"भविष्य घडून गेल्यावर सांगितलं, की कध्धी चुकत नाही, बाई," सर टाळी मागायचे. "उत्तम काव्य. आणि उत्तम सरकारी जाहिरात. दोन्ही एकदम. तीच तर गंमत!"

मी कोपऱ्यावरच्या कन्बिनीत, म्हणजे चोवीस तासांच्या दुकानात, पार्टटाइम करते. सर तिथेही यायचे. भाताच्या गोळ्याच्या वेष्टनावर काय लिहिलंय म्हणून विचारलं. मी म्हटलं, "पिढ्यान्‌पिढ्यांची चव." झालं! "बघा, भाताच्या गोळ्यालासुद्धा वंशावळ!" म्हणून एवढ्या मोठ्याने हसले, की रांगेतल्या चार जपानी माणसांनी एकदम मान खाली घातली.

पण सर दिवसभर माझ्यासारखीचं डोकं खायला का येत, हेही दिसत होतं. बायको जाऊन दोन वर्षं झालेली. मुलगा प्रसाद एकटाच, लग्न केलेलं नाही, तोयोसुला ऑफिस. सकाळी जाणार, अंधार पडल्यावर येणार, आल्यावर पुन्हा लॅपटॉप. पाहुण्याचा व्हिसा नव्वद दिवसांचा. आईवडिलांना कायमचं आणायची सरळ वाट इथे नाही. वय झालंय, गावी कुणी नाही, मुलगाच सांभाळणार, असं सगळं कागदोपत्री पटवून द्यावं लागतं. अर्जावर प्रसादची सही हवी, आणि सोबत इथल्या कुणा जुन्या, वजनदार माणसाचं पत्र असलं तर बरं.

वजनदार माणूस म्हणजे इथल्या आमच्या मराठी मंडळाचे अध्यक्ष सावंत. मूळचे मालवणचे, इथे येऊन पंचवीस वर्षं झाली म्हणून त्यांचा सत्कार ठरलेला. मी मंडळाची सेक्रेटरी. सावंत मला म्हणाले, "त्या कुलथे सरांना सांगा, माझ्यावर एखादं झकास काव्य करा म्हणावं. पत्राचं मी बघतो."

मला वाटलं, सर आता पायातली वहाण काढतात. जन्मभर दरबारी कवींची लक्तरं वेशीवर टांगलेला माणूस! पण सर शांतपणे म्हणाले, "करू की. शिकवलं तीस वर्षं, एकदा करूनही बघू."

आणि काय लिहिलं हो! मीच टाइप केलं.

"जन्मता बाळ सावंत । सूर्य हसला दिगंत । म्हणे हाचि भाग्यवंत । पूर्वदेशा जाईल ॥"

टाइप करताना मला हसू आवरेना. पुढे वादळ होतं, एक देवी होती, आणि स्वप्नात येऊन मंडळाच्या स्थापनेचं भाकीत करणारा समुद्र होता. सावंत इथे विमानाने आले होते, पण ते असो. त्यांनी माझ्या घरी बसून सगळं ऐकलं आणि मांडीवर थाप मारली. "फक्कड!" मग सर एका कडव्यापाशी आले.

"पाठीमागे गाव जळे । वाटेवरी पाय पोळे । खांद्यावरी बाप डोले । परी ओझे म्हणेना ॥"

सावंतांचा हात मांडीवरच राहिला. "हे कशाला? माझे वडील मालवणला वारले, घरीच, खुर्चीत. मी त्यांना इकडे आणलं नव्हतं." मग म्हणाले, "तेवढं काढा. बाकी सगळं ठेवा. पत्र आज देतो."

"सूर्य काढतो," सर म्हणाले. "देवी काढतो. समुद्र हवा तर आटवतो. हे नाही निघायचं."

सावंत चहा अर्धा टाकून गेले. मी सरांवर उखडले. "अहो, चार ओळींसाठी पत्र घालवलंत? गाढवही गेलं नि ब्रह्मचर्यही गेलं!"

"राजा कोण, ते आधी सांगा, बाई."

"सावंत. दुसरं कोण?"

"छे. सावंत निमित्तमात्र. राजा सभागृहात तिसऱ्या रांगेत बसणार आहे." लाल पेनाचं टोपण ते उगाच काढत-लावत राहिले. "अर्ज दोन महिने प्रसादच्या ड्रॉवरमध्ये पडलाय. त्याने विषय काढला नाही, मी विचारलं नाही. तोंडाने विचारलं आणि नाही म्हणाला, तर मग ते नाही म्हणून झालं ना. म्हणून म्हटलं, काव्यातून जाऊ. मोठमोठे सम्राट वळले त्याने."

या माणसाला मी अडीच महिने नुसती हसत होते. अवघे बारा दिवस उरले होते त्यांचे.

दोन दिवसांनी सावंतांचा फोन आला. आवाज बसलेला. "ते कडवं राहू दे. मी आणलं नाही वडलांना. काव्यात तरी आणतो." आणि पत्र पोस्टाने पाठवून दिलं.

सत्कार झाला कोतोच्या एका सभागृहात. सर रेशमी झब्बा घालून उभे राहिले आणि खणखणीत आवाजात काव्य म्हणाले. सूर्यावर लोक हसले, देवीवर टाळ्या पडल्या. त्या कडव्याला सावंतांनी चष्मा काढून पुसला. तिसऱ्या रांगेत प्रसाद मोबाइल समोर धरून व्हिडिओ काढत होता. त्यामुळे त्याचं तोंड काही मला दिसलं नाही. सर मात्र तेवढ्याच ठिकाणी बघत होते.

परतताना आम्ही तिघं तोझाई लाइनच्या मेट्रोत. दुपारची गाडी रिकामी होती. सर आणि प्रसाद एका बाकावर, मध्ये प्रसादची लॅपटॉपची बॅग. मी समोर. चार स्टेशनं गेली. बाहेर नदीवरचा पूल आला. आता हा तरी तोंड उघडणार की नाही, म्हणून मी मनातल्या मनात त्याला मालवणी शिव्या घालत होते.

"बाबा," प्रसाद एकदाचा म्हणाला. त्याने वर पाहिलंच नाही. "ते खांद्यावर वगैरे. मी दिवसदिवस घरी नसतो. जपानी तुम्हाला येत नाही. इथे आजारी पडलात तर? मला नाही जमलं तर?"

सरांनी सरळ मुलाकडे पाहिलं. भाकीत नाही, वंशावळ नाही.

"खांद्यावर कोण बसतंय रे," ते म्हणाले. "मला गुडघ्यांमुळे चढताही यायचं नाही. शेजारी बसू दिलंस तरी पुष्कळ झालं."

प्रसादने मधली बॅग उचलून मांडीवर घेतली.

"उद्या सुट्टी टाकतो. फॉर्म भरू," तो म्हणाला. "सरका इकडे."