टाकीखालचं कपाट आणि तळपायाची आग

माशांच्या टाकीखालच्या कपाटाचं दार उघडेना, म्हणून जावईबापूंनी जोर लावला. दार जागचं हललं नाही, मूठ तेवढी हातात आली.

"झालं?" बायको म्हणाली. "उद्या रविवारी दातांचे डॉक्टर येतायत. त्यांच्या वेटिंग रूममध्ये शोभेल ही टाकी."

"माझे मासे देऊन टाकतेस?"

"मासे कुठे? बुरशी देतेय. मासे वर फुकट."

खरं तर कपाट तिच्याच फर्माइशीचं. वायर दिसू नये, पाइप दिसू नये, आवाज येऊ नये. सुतारानं मुंगी शिरणार नाही असं बंद करून दिलं, आणि आत पाणी गाळायची उघडी पेटी दिवसभर खळखळत राहिली. चार महिन्यांत प्लाय फुगलं. ओल शोषायला जावईबापूंनी वाडगाभर मीठ ठेवलं. मिठानं ओल इतकी मनापासून शोषली, की त्याचंच पाणी होऊन खालच्या बिजागरीवर सांडलं. बिजागरी गंजली, दार अडकलं, आणि कुबट वास शेजारच्या खुर्चीपर्यंत पोचला. खुर्ची सासूबाईंची.

"तळपायाची आग होते नुसती!" त्या रोज म्हणायच्या. टाकी द्यायच्या बाजूनं पहिला हात त्यांचाच.

जावईबापूंनी त्याच दिवशी सुताराला बोलावलं. पटाशीनं दार उचकटून त्यानं आत नाक घातलं आणि लगेच परत घेतलं.

"साहेब, याला श्वास घ्यायला जागाच नाही."

"तूच बंद केलंस ना?"

"वहिनींनी सांगितलं. त्यांच्यापुढं मी श्वास घेत नाही, कपाट काय घेणार?"

सासूबाई फिरायला गेल्या होत्या तेवढ्यात दोघांनी बुरशी घासून काढली, आतल्या पेटीवर झाकण टाकलं, डावीकडे खाली भोकं पाडली आणि उजवीकडे जुन्या कॉम्प्युटरचा पंखा बसवला.

"डावीकडून हवा आत, उजवीकडून बाहेर," सुतार म्हणाला. "हवा खेळती राहील."

"हवा राहील रे. उजवीकडे सासूबाई बसतात. मी राहीन का?"

रविवारी कपाट आतून खडखडीत कोरडं. पण डॉक्टर दोन हमाल आणि माशांसाठी बादली घेऊन दारात हजर.

"आई, उठ जरा. टाकी न्यायचीय," बायको म्हणाली.

सासूबाई पंख्यासमोर स्टुलावर पाय पसरून, डोळे मिटून बसल्या होत्या.

"कुठं न्यायची?"

"डॉक्टरांकडे."

"का? डॉक्टरांचे तळपाय जळतात?"

"आई, तूच तर म्हणायचीस, वासानं तळपायाची आग..."

"वासाचं कोण बोलतंय! पाय जळतात माझे, खरेखुरे! वर्षभर सांगतेय. पोटच्या पोरीला वाटलं, म्हातारी चिडली. जावईबापूंना बरोबर कळलं. बघ, गार झुळूक सोडलीय माझ्यासाठी. टाकी हलली, तर मीही हलले!"

बायकोनं नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्यानं नम्रपणे मान खाली घातली. हसू लपवायला तीच जागा होती.

"आई, एवढं तर करायलाच हवं," तो म्हणाला.

डॉक्टर रिकामी बादली घेऊन परत गेले, आणि बायको स्वयंपाकघरात.

"जावईबापू," सासूबाईंनी हाक मारली, "डाव्या पायाला हवा जरा कमी लागते हो."

"आत्ता दुसऱ्या पंख्याचं भोक पाडतो!"

ड्रिल मशीन खांद्यावर गदेसारखं टाकून जावईबापू निघाले. कपाट चार पावलांवर होतं. पण ते मुद्दाम स्वयंपाकघरातून गेले, बायकोच्या समोरून.