शिडाची गाडी

वारा पडला की तुमचे नानाआजोबा आकाशाकडे बघत नाहीत. गळ्यातली शिट्टी चाचपतात आणि जाहीर करतात, "वारा आउटरला थांबलाय. सिग्नल मिळाला की येईल."

नाना म्हणजे तुमच्या आजोबांचे धाकटे भाऊ, माझे दीर. पुणे-लोणावळा गाड्यांवर गार्ड होते. निवृत्त झाल्यावर लोक कुंड्यांत मिरच्या लावतात. नानांनी पवनानगरच्या एका कॅम्पवाल्याची टाकून दिलेली होडी आणली, निळी ताडपत्री शिवून तिला शीड केलं आणि रेल्वेचे सगळे नियम त्या बिचारीवर लादले. तिला होडी म्हणायचं नाही, 'गाडी' म्हणायचं. डावी-उजवी बाजू नाही. 'पुणे साइड' आणि 'मुंबई साइड'. होडी गर्रकन फिरली तरी पुणे साइड पुण्याकडेच राहते, म्हणजे बसल्या जागी माझी बाजू बदलते. हे मला अजून नीट कळलेलं नाही.

तुमच्या समुद्रावरच्या सहलीचे फोटो पोचले. सगळे हसरे, शीड ताठ, किनारा जिथे असायला हवा तिथे. आमचीही मे महिन्यात तशीच एक सहल झाली. ती सांगण्याआधी सुमनआजीबद्दल सांगायला हवं.

सुमन नानांची बायको. तिचं माहेर, करंजवाडी, तिच्या लग्नानंतर पवनेच्या धरणात गेलं. आता तिला विसर पडतो. रोज संध्याकाळी पिशवी भरून पायरीवर बसते आणि विचारते, "अवं, म्हायेरला कवा न्यायचं? आई वाट बघत आसंल." सुरुवातीला आम्ही खरं सांगायचो. गाव पाण्यात आहे, आई केव्हाच गेली. दर वेळी ती ते नव्यानं ऐकायची आणि नव्यानं रडायची. शेवटी नानांनी आम्हा सगळ्यांना गप्प केलं. ती विचारते, नाना घड्याळ बघतात. "गाडी लेट हाय. आली की बसू."

मला खोटेपणा पटत नाही. मी विचारलं, "नाना, ही कसली गाडी? जाणार कुठे?"

"इन्क्वायरी बंद आहे, वहिनी."

आणि मे महिन्यात एका सकाळी त्यांचा फोन आला, "फिरायला चला. येताना एक भाकरी आणि तांब्याभर पाणी आणा."

"मी सँडविच करतेय. आणि धरणात जाताना घरून पाणी?"

"सँडविच आणा. भाकरीपण आणा. पाणी घरचंच."

काठावर नाना गार्डची पांढरी टोपी घालून उभे. सुमन जरीच्या पातळावर नारिंगी जाकीट घालून, मांडीवर पिशवी घेऊन बसली होती. हिरवा झेंडा हलला, शिट्टी वाजली, आणि आम्ही उलट्या दिशेनं निघालो.

"शंटिंग चाललंय," नाना म्हणाले.

पुढचं मला क्रमानं सांगता येत नाही, याचं मला वाईट वाटतं. तुंगचा किल्ला समोर होता तो मागे गेला. तिकोना मागे होता तो दोनदा समोर आला. तुमचे आजोबा फोनवर नकाशा बघत होते. "आपण निळ्या रंगात आहोत, एवढं नक्की," ते म्हणाले. शिडाचा बांबू माझ्या डोक्यावरून गेला आणि सँडविचचा डबा पाण्यात पडला. मी विचारलं, "आपण आलो कुठे?" नानांनी एका वाळक्या झाडाकडे बोट दाखवलं. "घोरावाडी." हे त्यांच्या लोणावळा लाइनवरचं एक छोटं स्टेशन. थोड्या वेळानं तेच झाड पुन्हा आलं, तेव्हा आजोबा म्हणाले, "नाना, तुझी गाडी घोरावाडीतच राहते का रे?"

एरवी नाना यावर दहा वाक्यं बोलले असते. आज ते सुमनकडे बघत होते. सुमन उन्हानं कोमेजली होती आणि पिशवीचे बंद सोडून पुन्हा बांधत होती. "आली का वाडी?" तिनं विचारलं. "न्हाई? मग चला घरी." नाना सुकाणूचा दांडा धरून त्या झाडापलीकडे बघत राहिले. तेव्हा मला कळलं, आम्ही कुठे निघालो होतो ते.

तेवढ्यात वारा आला. झाडामागचं वळण ओलांडलं आणि समोर चिखलाचा उंचवटा दिसला. त्यावर चौथऱ्याचे दगड आणि देवळाचा अर्धा खांब. उन्हाळ्यात पाणी उतरलं की करंजवाडीतलं एवढंच वर येतं.

"करंजवाडीऽ! उतरणाऱ्यांना आधी उतरू द्या!"

नाना आधी स्वतः उतरले, गुडघाभर चिखलात. टोपी काढून माझ्या हातात दिली आणि डोक्याला टॉवेल गुंडाळला. माहेरी आलेल्या लेकीवरून भाकरतुकडा ओवाळून टाकतात, तो आई टाकते, नाहीतर भावजय. मी उठायला लागले.

"तुम्ही गाडीतच बसा, वहिनी."

त्यांनी सुमनला चौथऱ्यावर उभं केलं. तुकडा ओवाळून दोन्ही बाजूंना टाकला. तांब्यातलं पाणी तिच्या पायांवर घातलं. ती खांबावरून हात फिरवत राहिली, कुठल्या घराचं दार कुठे ते दाखवत राहिली. मग टॉवेलवाल्या नानांकडे वळून हलक्या आवाजात म्हणाली, "दादा, आमच्या ह्यान्ला निरोप धाडा. पोचले म्हनावं. लय घोर लावून घेत्यात."

"धाडतो, बाय," नाना म्हणाले.

 मग नाना माझ्याजवळ आले, टॉवेल सोडून तोंड पुसलं, टोपी घातली आणि पुन्हा तिच्यापुढे जाऊन उभे राहिले.

सुमननं बघितलं आणि पदर सावरला. "अगंबाई! येवढ्या लांब न्यायला आलात व्हय? निरोप पोचला म्हनायचा."

"पोचला," नाना म्हणाले, आणि तिच्या हातातली पिशवी घेतली.